कीबोर्ड सापडत नाही, एफ १ दाबा: कोड्यात टाकणाऱ्या एरर संदेशांचं निवारण

परवा सकाळी एका हायस्कूलमधून फोन आला. संगणक कक्ष सांभाळणाऱ्या मॅडम होत्या. "दादा, काळ्या पडद्यावर लिहून आलंय की कीबोर्डच नाही. आणि खालच्या ओळीत म्हणतंय, एफ वन दाबा. आता कीबोर्डच नाही तर एफ वन दाबू कशावर?" मागून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता. मुलांनी हसावं असाच तो संदेश आहे. पण त्यात मॅडमचा पहिला तास जातो आणि दर सोमवारी हेच होतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

तालुक्याच्या गावी शाळा, पतसंस्था, झेरॉक्सची दुकानं आणि दोन-तीन ग्रामपंचायती यांची मशीनं मी बघतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे. असले संदेश वेडेवाकडे वाटतात, पण खोटे क्वचितच असतात. पडद्यावर उमटलेली ओळ अख्ख्या संगणकाची नसते. ती मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या) चिपची असते, नाहीतर विंडोजची, ब्राउझरची, प्रिंटरची, नाहीतर दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हरची. ज्याची ओळ असेल त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो सांगतो. दोष भलत्याच ठिकाणी असू शकतो. म्हणून संदेश वाचला की पहिला प्रश्न हा: हे बोलतंय कोण, आणि त्याला तिथून दिसतंय काय?

"नो कीबोर्ड प्रेझेंट, प्रेस एफ १"

इथे बोलतो तो बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम. विंडोज अजून झोपलेलं असतं. मशीनचं बटण दाबलं की बायोस एकेका भागाची हजेरी घेतो. कीबोर्डला तो सांगतो, "स्वतःला तपास आणि कळव." त्या क्षणी कीबोर्डवरचे तिन्ही दिवे एकदा लुकलुकतात. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, की बायोस गैरहजेरी मांडतो.

या दोन ओळी शेजारी-शेजारी कशा आल्या हे कळलं की कोडं सुटतं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीवर कीबोर्डची तक्रार ३०१ या नुसत्या आकड्याने दिसायची. १९८४ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी एटीवर "रिझ्यूम = एफ १ की", म्हणजे पुढे जायला एफ १ दाबा, अशी ओळ दिसायची. ही ओळ खास कीबोर्डसाठी लिहिलेलीच नव्हती. कुठलाही दोष सापडला की मशीन थांबवायचं, आणि माणसाने तो पाहिला याची खूण म्हणून एफ १ ची वाट बघायची, असा तो सरसकट नियम होता. मेमरीचा दोष असो, घड्याळाचा असो, खाली ओळ तीच. दोष नेमका कीबोर्डचाच निघाला की दोन्ही ओळी एकाखाली एक येतात आणि वाचणारा चक्रावतो.

आता करायचं काय, ते बघू. मशीन बंद करा, भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद करा. कीबोर्डची पिन जुनी, गोल असेल तर ती जांभळ्या खाचेत आहे ना ते बघा. हिरवी खाच माउसची. झाडलोट करताना दोन्ही वायरी निघतात आणि टेबलामागे हात घालून अंदाजाने बसवल्या जातात. शाळांमध्ये हे मला सारखं दिसतं. गोल पिनच्या आत सहा बारीक काड्या असतात. जबरदस्तीने बसवलं की एखादी वाकते. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलच्या नळीने ती हलकेच सरळ करता येते. मात्र गोल पिन मशीन चालू असताना कधीही काढू-घालू नका. ती जोडणी त्यासाठी बनलेली नाही, त्यात पोर्ट कायमचं जाऊ शकतं.

यूएसबी कीबोर्ड असेल तर समोरच्या पोर्टातून किंवा हबमधून काढा आणि थेट मागच्या पोर्टात लावा, शक्यतो काळ्या जिभेच्या. निळ्या जिभेचे पोर्ट यूएसबी ३ चे असतात. काही जुन्या मदरबोर्डवर ते विंडोज सुरू झाल्यावरच जागे होतात, बायोसला दिसतच नाहीत. विंडोजमध्ये कीबोर्ड नीट चालतो आणि फक्त सुरुवातीलाच "नाही" म्हणतं, असं असेल तर कारण बहुधा हेच. नाहीतर बायोसच्या सेटअपमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या पानांवर, "लीगसी यूएसबी सपोर्ट" बंद झालेला असतो, तो चालू करा. सेटअपमध्ये शिरण्यापुरता कुणाचा तरी गोल पिनचा कीबोर्ड मागून आणा.

आणि कीबोर्डवर काही ठेवलंय का, ते बघा. सुरू होताना एखादं बटण दाबलेलं असलं तरी बायोस तक्रार करतो. एका वर्गात आठवडाभर त्रास देणारं मशीन हजेरीपटामुळे अडत होतं. मॅडम पट कीबोर्डवर ठेवायच्या आणि मग बटण दाबायच्या. सांडलेल्या चहाने चिकटलेलं बटणही हेच करतं.

दिव्यांकडेही लक्ष द्या. सुरू होताना तिन्ही दिवे लुकलुकले तर कीबोर्डपर्यंत वीज पोचतेय. अजिबात लुकलुकले नाहीत तर वायर, पोर्ट किंवा कीबोर्ड गेलेला. चालू असलेल्या दुसऱ्या मशीनवर तोच कीबोर्ड लावून बघितला की दोन मिनिटांत निकाल लागतो.

काही मशीनं मुद्दामच कीबोर्डशिवाय ठेवलेली असतात. सीसीटीव्हीचं मशीन किंवा कपाटातला छोटा सर्व्हर वीज गेल्यावर परत सुरू होताना इथेच अडून बसतो. त्यासाठी सेटअपमध्ये "हॉल्ट ऑन" नावाची सोय असते, तिथे "ऑल, बट कीबोर्ड" निवडा. काही बायोसमध्ये तिच्या जागी "वेट फॉर एफ १ इफ एरर" असते, पण ती बंद केली की सगळ्याच दोषांवर थांबणं बंद होतं. "नो एरर्स" मात्र निवडू नका. तसं केलं की "सीपीयू फॅन एरर" ही सूचनाही मशीन थांबवून दाखवणार नाही. आपल्याकडच्या धुळीत पंखा अडकणं नेहमीचं आहे, आणि ती सूचना खरी असते.

रोजच एफ १ दाबावं लागत असेल तर सेल बघा

मॅडमच्या शाळेतलं खरं दुखणं हे होतं. संदेश नीट वाचायला सांगितला तेव्हा कळलं, की कीबोर्डची ओळ एकाच मशीनवर होती. बाकीच्यांवर "सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड" असं काहीतरी होतं, म्हणजे जपून ठेवलेली सेटअपची माहिती बिघडली म्हणून मूळ सेटिंग लावलं, आणि खाली तोच एफ १. सगळ्यांनी मिळून त्याला "कीबोर्डचा प्रॉब्लेम" असं एकच नाव दिलं होतं.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि जुन्या मदरबोर्डांवर सेटअपची माहिती जपणं हे त्याचं काम. मशीन बंद आहे पण वायर भिंतीवरच्या बोर्डात लावून बटण चालू आहे, तेव्हा पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टची थोडी वीज देत राहतो आणि सेलवर भार येत नाही. आपल्या शाळा आणि कार्यालयांत संध्याकाळी बोर्डाचं मुख्य बटणच बंद करून कुलूप लावतात. वीज वाचवायला आणि पावसाळ्यात विजांपासून मशीन जपायला ते बरोबरच आहे, तशीच सवय ठेवा. पण मग रात्रभर, रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळा भार त्या सेलवर असतो. म्हणून तो घरच्या मशीनपेक्षा इथे लवकर संपतो. सोमवारीच तक्रार का, याचंही उत्तर यातच आहे: मरायला टेकलेला सेल एक रात्र निभावतो, शनिवार-रविवार निभावत नाही.

सेल बदलणं अगदी सोपं आहे. तो सीआर २०३२ या नावाने घड्याळवाल्याकडेही मिळतो आणि दोन प्लेट भज्यांच्या पैशांत येतो. या आकड्याचा अर्थ आहे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानदार "हा पण चालतो" म्हणून सीआर २०२५ देईल, पण तो २.५ मिलिमीटर जाड असतो. खाचेत सैल बसतो आणि आठ दिवसांत तुम्ही पुन्हा एफ १ दाबत बसता. मीटर असेल तर जुना सेल मोजा: नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली गेलेला बदलून टाकावा.

बदलण्याआधी सेटअपची सगळी पानं मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे मी कळकळीने सांगतो, कारण सेल गेला की सेटअप मूळपदावर जातो, आणि काही मदरबोर्डांवर हार्ड डिस्कचं "साटा मोड" (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीई होतं. मग विंडोज सुरूच होत नाही. निळ्या पडद्यावर "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" दिसतं आणि लोक हार्ड डिस्क गेली म्हणून मशीन फॉरमॅटला देतात. एका ठिकाणी चार वर्षांच्या निकालपत्रकांचा असाच बळी जाता जाता वाचला. डिस्क ठणठणीत होती. सेटअपमध्ये ते एक ओळीचं मोड परत एएचसीआय केलं आणि विंडोज उठलं.

मशीन बंद, वायर भिंतीवरच्या बोर्डातून काढलेली, हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लावलेला. खाचेची छोटी पट्टी बाजूला दाबली की सेल वर येतो. अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा बसवा, सेटअपमध्ये तारीख-वेळ भरा, फोटो बघून बाकीचं लावा आणि सेव्ह करून बाहेर पडा. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावर ठेवा. लहान मुलाने हा सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. असं झाल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठा.

"युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" आणि तो सेल

हा संदेश ब्राउझरचा. एका ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तो बघून इंटरनेटवाल्याशी भांडण केलं होतं. त्यांच्याकडे मोबाइलवर साइट उघडत होती, संगणकावर कुठलीच उघडत नव्हती. संदेशात खाली बारीक अक्षरात "सर्ट डेट इनव्हॅलिड" लिहिलेलं होतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती २०१० सालची. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ असं मागे जातं.

प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं छापलेलं असतं. मशीनला वाटतंय की २०१० साल चालू आहे, मग समोर आलेलं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून जन्मालाच आलेलं नाही. ब्राउझर जे बघतो त्यावरून बरोबरच बोलतो. डिजिटल सहीही याच कारणाने "अजून वैध नाही" म्हणून नाकारली जाते. तारीख दुरुस्त करा, ब्राउझर बंद करून उघडा, काम झालं. तरीही पुढे जा असं सांगणारी जी बारीक लिंक तिथे असते ती दाबायची सवय लावून घेऊ नका, बँकेच्या किंवा सरकारी कामाच्या साइटवर तर मुळीच नाही. तारीख बरोबर असूनही हा संदेश आला तर तो खऱ्या धोक्याचा असू शकतो.

"इंटरनेट आहे, मग घड्याळ आपोआप का लागत नाही?" असा प्रश्न हमखास येतो. विंडोज वेळ जुळवून घेतं, पण कार्यालयाच्या डोमेनमध्ये (एका सर्व्हरखाली बांधलेल्या जाळ्यात) नसलेल्या साध्या मशीनवर फरक १५ तासांपेक्षा मोठा असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे ते हात लावत नाही. एकदा हाताने जवळपास आणून द्यावं लागतं.

दुसरी एक गोष्ट मला कितीतरी मशीनवर सापडली आहे. विंडोज टाकताना टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून जातो. मग आपोआप जुळवलेलं घड्याळ सकाळी साडेदहाला आदल्या रात्रीची वेळ दाखवतं. वैतागून कुणीतरी ते आपोआप जुळवणं बंद करतं आणि हाताने साडेदहा लावतं. दिसायला सगळं ठीक, पण मशीनच्या हिशेबात जगाची वेळ काही तासांनी पुढे गेलेली असते. तिथून पाठवलेले मेल पुढच्या वेळेचे दिसतात. आधी टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असा करा आणि मग आपोआप जुळवणं परत चालू करा.

"पीसी लोड लेटर": प्रिंटर कुठलं पत्र मागतोय?

जुन्या एचपी लेझरजेट प्रिंटरच्या छोट्या पट्टीवर ही तीन शब्दांची ओळ दिसते. पतसंस्थेतल्या लिपिकाने मला विचारलं होतं, "पीसीत कुठलं लेटर लोड करायचं? सगळी पत्रं तर वर्डमध्ये उघडी आहेत." इथे पीसी म्हणजे संगणक नव्हे, पेपर कॅसेट, म्हणजे कागदाचा ट्रे. आणि लेटर म्हणजे पत्र नव्हे, अमेरिकेत चालणारा कागदाचा आकार. प्रिंटर म्हणतोय, ट्रेमध्ये लेटर आकाराचा कागद घाला. पट्टीवर जागा कमी, म्हणून एवढं आखडून लिहिलंय. नव्या प्रिंटरवर हाच संदेश "लोड ट्रे १, प्लेन, लेटर" असा जरा उलगडून येतो.

आपल्याकडे लेटर कागद दुकानात मागितला तर दुकानदारालाही तो ठाऊक नसतो. आपण वापरतो ए ४, २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर २१५.९ बाय २७९.४. म्हणजे ए ४ जवळजवळ साडेसतरा मिलिमीटर उंच आणि सहा मिलिमीटर अरुंद. फाइल लेटरची, ट्रेमध्ये ए ४. प्रिंटर अडतो. लोक काय करतात, प्रिंटरवरचं हिरवं बटण दाबून "असू दे, छाप" म्हणतात. पान निघतं, पण कडेचा मजकूर कापला जातो किंवा खाली मोठी मोकळी पट्टी राहते, आणि पुढच्या पानाला पुन्हा तेच. ओके दाबून निघालेलं प्रत्येक पान हा तोच प्रश्न उद्यावर ढकललेला असतो.

कायमचं घालवायचं तर लेटर हा शब्द कुठून-कुठून येतो ते सगळं शोधावं लागतं. एकाच ठिकाणी बदलून थांबलात तर तो दुसरीकडून परत येईल. विंडोजमध्ये रिजन किंवा फॉरमॅट "इंग्लिश, युनायटेड स्टेट्स" असेल तर नवे प्रिंटर लेटर धरून बसतात. ते "इंग्लिश, इंडिया" किंवा "मराठी" करा. प्रिंटरच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये ए ४ करा. वर्डमध्ये पेज लेआउटच्या साइझमध्ये ए ४ निवडून "सेट ॲज डिफॉल्ट" करा, म्हणजे उद्याची कोरी फाइलही ए ४ च निघेल. गूगल डॉक्समध्ये पेज सेटअपमध्ये हीच सोय आहे. क्रोममधून थेट छापता तेव्हा तिथलं पेपर साइझ वेगळं असतं, तेही बघा. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत डिफॉल्ट पेपर ए ४ आहे ना ते तपासा. शेवटी ट्रेमधल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कागदाला टेकवून घ्या. काही प्रिंटर त्या पट्ट्यांवरूनच आकार ओळखतात. त्या सैल राहिल्या की प्रिंटरला ए ४ सुद्धा दुसराच काही वाटतो.

दुसऱ्यांनी मेलवर पाठवलेल्या फाइली मात्र लेटरच्या येतच राहतील. त्यासाठी वर्डच्या ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्डच्या प्रिंट भागात, ए ४ आणि साडेआठ बाय अकरा इंच यांत मजकूर बसवून घेण्याची खूण असते, ती चालू ठेवा. वकिलांकडे आणि दस्तलेखकांकडे लेटरच्या जागी लीगल हा शब्द दिसेल. उपाय तोच: फाइल आणि ट्रे एकाच मापाचे हवेत.

प्रिंटरवरून आठवलं. लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरतात त्या दुसऱ्या प्रणालीच्या) मशीनला पॅरलल केबलने जोडलेल्या प्रिंटरने दगा दिला तर "एलपी० ऑन फायर" असा संदेश येऊ शकतो, म्हणजे प्रिंटरला आग लागली. पावतीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर हे एकदा बघून एका दुकानदाराने मेन स्विच बंद केला होता. तसं करण्यात काही चूक नव्हती, खात्री केलेली बरी. आतलं कारण असं: त्या २५ पिनांच्या केबलमध्ये प्रिंटरला आपली अवस्था सांगायला मोजक्याच तारा असतात. एक सांगते कागद संपला, दुसरी सांगते मी ऑनलाइन आहे, तिसरी सांगते काहीतरी बिघडलं. कागद आहे, ऑनलाइन आहे, तरी तिसरी तार ओरडतेय, असं असेल तर ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामला, कारण कळायला काही मार्ग नसतो. लिहिणाऱ्यांनी त्या अवस्थेला "आग" हे नाव देऊन ठेवलं. प्रिंटर बंद करा, रिबन आणि अडकलेला कागद काढा, हेड हाताने डावीकडे-उजवीकडे सहज सरकतं का बघा, केबलचे दोन्ही स्क्रू आवळा.

"एरर: ऑपरेशन यशस्वी झाले"

लाल फुली, ठणठण आवाज आणि मजकूर: काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं. मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वापरणाऱ्याची, कारण तो "यशस्वी" वाचून मशीन बंद करतो आणि फाइल सेव्ह झालेलीच नसते.

विंडोजमध्ये प्रत्येक चुकीला आकडा आहे, आणि शून्य या आकड्याचा मजकूर आहे "द ऑपरेशन कम्प्लिटेड सक्सेसफुली". एखादं काम फसलं, की प्रोग्रामने ताबडतोब विंडोजला विचारायचं असतं, शेवटची चूक कोणती? पण प्रोग्रामने मध्येच दुसरं एखादं किरकोळ काम केलं आणि ते नीट पार पडलं, तर पहिल्या चुकीची नोंद पुसली जाऊ शकते. मग विचारल्यावर उत्तर येतं शून्य. प्रोग्रामला चूक झाल्याचं आठवतंय, पण कोणती ते गेलं. फुली खरी आहे, मजकूर उशिरा विचारल्यामुळे आलेला आहे.

म्हणून फुलीवर विश्वास ठेवा. जे काम चाललं होतं ते झालं का, हे स्वतः जाऊन बघा: फाइल त्या फोल्डरमध्ये आहे का, तिची वेळ आत्ताची आहे का, ती उघडते का. नसेल तर दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ड्राइव्हवर सेव्ह करून बघा. खरं कारण बहुतेक वेळा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ॲप्लिकेशन या विभागात, त्याच मिनिटाच्या नोंदीत सापडतं. अँटिव्हायरसने फाइल अडवली असेल तर त्याच्या स्वतःच्या यादीतही दिसेल.

झिप उघडताना "कॅटॅस्ट्रॉफिक फेल्युअर"

शब्द ऐकून वाटतं सगळंच गेलं. प्रत्यक्षात हा विंडोजच्या एका सरसकट चुकीचा मजकूर आहे: ०एक्स८०००एफएफएफएफ, अर्थ "अनपेक्षित". तुमचा डेटा जागेवर असतो. झिपमधून (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या फाइलमधून) फाइली ओढून बाहेर टाकताना हा येतो, कधी त्याच्याऐवजी "पाथ टू लाँग" येतो.

मराठी नावं असलेल्या फाइलींना हा त्रास जास्त होतो, त्याचं कारण बघण्यासारखं आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतच्या सगळ्या मार्गाला नेहमीची मर्यादा २६० चिन्हांची. आपण अक्षरं मोजतो, मशीन चिन्हं मोजतं. "मूल्यमापन" हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो. मशीनला तो नऊ चिन्हांचा, कारण काना, ऊकार आणि पाय मोडणारं हलन्त चिन्ह ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. "सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन नोंदी" अशा लांब नावांचे फोल्डर एकात एक ठेवत गेलं, झिप डेस्कटॉपवर ठेवली, की मर्यादा कधी गाठली ते कळतही नाही. झिप थेट डी ड्राइव्हवर न्या, तिचं नाव एका अक्षराचं करा आणि तिथेच उघडा. तरी अडलं तर ७-झिप हा प्रोग्राम वापरा. पासवर्ड लावलेल्या काही झिपही विंडोजच्या घरच्या साधनाने उघडत नाहीत, त्या ७-झिपने उघडतात.

डिस्क काठोकाठ भरल्यावर "फाइल पुसता येत नाही, जागा कमी आहे, जागा करण्यासाठी फाइली पुसा" असाही संदेश येतो. डिलीट केलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते, आणि तिथे तिची नोंद लिहायला थोडी तरी जागा लागते. शिफ्ट दाबून डिलीट केलं की बिन टळतो, पण मग फाइल परत मिळत नाही, तेव्हा जिची दुसरी प्रत आहे अशीच निवडा. त्याआधी रिसायकल बिन रिकामा करून आणि डिस्क क्लीनअप चालवून बघा, बहुधा तेवढ्यावर भागतं.

पटकन काही

"आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल" असा निळा पडदा आला तर शब्दांत अडकू नका. एखाद्या ड्रायव्हरने चुकीच्या वेळी चुकीच्या मेमरीला हात लावला, एवढाच अर्थ. अलीकडे काही नवं उपकरण किंवा ड्रायव्हर टाकला असेल तर तो काढा. नसेल टाकला तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. पावसाळ्यात दमट हवेच्या गावांत रॅमच्या (मेमरीच्या कार्डाच्या) सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. रॅम काढून पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसून, भुगा झटकून परत बसवली की बऱ्याचदा पडदा थांबतो.

वेबसाइट उघडताना "एरर ५०३" आणि खाली "गुरू मेडिटेशन" दिसलं तर ती साइट कुणी हॅक केलेली नाही. १९८५ मध्ये आलेल्या अमिगा संगणकावर मशीन कोसळलं की हे शब्द यायचे. वार्निश नावाच्या सर्व्हर प्रोग्रामने ते पुढे चालवले. बोलणारा दूरचा सर्व्हर आहे, तुमच्या मशीनमध्ये दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. थोड्या वेळाने परत बघा. निकालाच्या दिवशी गर्दीत असे ५०३ येतात, तेव्हा सारखं रिफ्रेश करून भार वाढवू नका.

युनिक्स या जुन्या प्रणालीच्या मशीनवर "नॉट अ टाइपरायटर" असा संदेश यायचा. तेव्हा टर्मिनल म्हणजे खरोखर टाइपरायटरसारखं यंत्र असायचं. जी आज्ञा फक्त टर्मिनललाच कळते ती फाइलला दिली की हे उत्तर. आज तिथे दुसरा मजकूर दिसतो, चुकीचा क्रमांक तोच, २५.

आणि विंडोज २००० वर एके काळी असा संदेश येत असे: पासवर्ड किमान १८,७७० अक्षरांचा हवा आणि मागच्या ३०,६८९ पासवर्डांपैकी एकही चालणार नाही. एमआयटीच्या केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीच्या सर्व्हरशी जोडलेल्या मशीनवर पासवर्ड बदलताना हे व्हायचं. मायक्रोसॉफ्टने स्वतः त्याची नोंद प्रसिद्ध केली होती. असा अशक्य आकडा दिसला तर तो पाळायच्या भानगडीत पडू नका. दोन प्रोग्रामना एकमेकांचं बोलणं कळलं नाही, असा त्याचा अर्थ घ्या आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळवा.

फोन करण्याआधी

मला किंवा तुमच्या गावच्या दुरुस्तीवाल्याला फोन करताना "काहीतरी एरर येतोय" एवढंच सांगू नका. पडदा काळा आहे, निळा आहे, का विंडोज उघडल्यावर चौकट आली, हे सांगा. त्यावरून बोलणारा कोण ते निम्मं कळतं. आदल्या दिवशी काय बदललं ते सांगा: वीज गेली होती, टेबल सरकवलं, कागदाचं नवं बंडल घातलं, काहीही. चौकटीवरचं ओके दाबण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, बारीक अक्षरातली शेवटची ओळ आणि आकडा फोटोत आला पाहिजे. विंडोजच्या साध्या संदेशाच्या चौकटीत आणखी एक सोय आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. चौकट समोर असताना कंट्रोल आणि सी दाबा. चौकटीतला सगळा मजकूर कॉपी होतो. तो नोटपॅडमध्ये किंवा थेट व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाठवा.